दांडा मोडतो कुठे?

(या भागाचं हे शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे. बाकी भाषा बोलल्यासारखीच ठेवली आहे.)

आजचा विषय ऐकून काही जण हसतील. विषय आहे दांडा. समुद्रकिनाऱ्यावर मेटल डिटेक्टर घेऊन फिरताना वाळू उपसायला जो स्कूप लागतो, त्याचा दांडा.

ज्यांनी स्कूप पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. एक स्टीलचा डबा डोळ्यांसमोर आणा. त्याला चाळणीसारखी भोकं, तोंडाला धार, मागे पाय ठेवायला पट्टी आणि वर मीटरभर लांब दांडा. डिटेक्टर वाजला की पाय देऊन डबा वाळूत रुतवायचा, दांडा मागे ओढायचा आणि वाळूसकट उचलायचा. पाण्यात हलवलं की वाळू गळून जाते आणि वस्तू डब्यात राहते.

मी राहतो अमेरिकेत, न्यू जर्सीत. इथल्या किनाऱ्यावर पहाटे पहाटे बरेच लोक डिटेक्टर घेऊन फिरताना दिसतात. त्यांचं बघून मीही सुरू केलं. विकतचा चांगला स्कूप महाग, म्हणून डबा एका वेल्डरकडून बनवून घेतला. दांडा मात्र मी स्वतः बसवला. दुकानातून पाइनचा गोल दांडा आणला, जेमतेम २८ मिलिमीटर जाडीचा. खोबणीत घातला, समोरून मागे आरपार भोक पाडलं, बोल्ट आवळला. झालं!

एका उन्हाळ्यात मित्र आणि वहिनी आमच्याकडे आले होते. गुडघाभर पाण्यात लाटांशी खेळताना वहिनींच्या बोटातली अंगठी गेली. लग्नातली. त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या त्या जागेकडे बघत उभ्या राहिल्या. मी गाडीतून डिटेक्टर आणला. भरती लागली होती. वीसेक मिनिटांनी एक सिग्नल मिळाला, स्वच्छ, एकाच जागी. स्कूप रुतवला, जोर लावून मागे ओढला आणि कडकन आवाज आला. दांडा माझ्या हातात, डबा वाळूत. डबा हातांनी उपसून काढेपर्यंत लाटांनी खड्डा भरून टाकला आणि पाणी कमरेपर्यंत आलं. दुसऱ्या दिवशी ओहोटीला तीन तास शोधलं. अंगठी मिळाली नाही.

आता खरं सांगायचं तर तो सिग्नल अंगठीचाच होता असं मी छातीठोक म्हणू शकत नाही. कोल्ड्रिंकच्या कॅनची ॲल्युमिनियमची कडी आणि सोन्याची अंगठी, डिटेक्टरमध्ये दोघी जवळजवळ सारख्याच वाजतात. पण ते कळायची संधी माझ्या दांड्यामुळे गेली, हे नक्की.

घरी येऊन तो तुकडा टेबलावर ठेवला आणि नीट पाहिला. मोडला होता बरोबर खोबणीच्या तोंडाशी, बोल्टच्या भोकातून. तेव्हा आजोबा आठवले. सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव. कुऱ्हाडीला दांडा बसवताना आजोबा बाभळीचं लाकूड निवडायचे. पण लाकूड निवडायला लागायचा त्याहून जास्त वेळ ते तोंड तासायला आणि पाचर मारायला घालवायचे. म्हणायचे, दांडा मोडतो तो तोंडाशी. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण लहानपणी पाठ होती. इथे तर दांडा स्वतःच्याच जिवावर उठला होता.

जोर कुठे येतो?

थोडं गणित करू, घाबरू नका. १५ सेंटिमीटर व्यासाचा आणि २५ सेंटिमीटर लांबीचा डबा घ्या. त्यात साधारण साडेचार लिटर ओली वाळू मावते, म्हणजे आठ-नऊ किलो. उचलायला हे वजन फार नाही. खरा ताण येतो तो ओढताना. ओली वाळू डब्याला धरून ठेवते आणि आपण मीटरभर लांबीच्या टोकाला धरून मागे झुकतो. समजा ३० किलोचा जोर लावला. हाताजवळ दांड्याला वाकवणारा ताण जवळजवळ शून्य असतो. खाली जाल तसा तो वाढत जातो आणि खोबणीच्या तोंडाशी सगळ्यात जास्त होतो. नेमकं तिथेच मी भोक पाडलं होतं.

त्यात आणखी एक चूक. दांडा मागे ओढला की त्याची एक बाजू ताणली जाते आणि दुसरी दाबली जाते. म्हणजे सगळा भार समोरच्या आणि मागच्या पृष्ठभागावर. डाव्या-उजव्या कडांवर त्यामानाने काहीच नाही. माझा बोल्ट समोरून मागे गेला होता, म्हणजे जिथे लाकडाची सगळ्यात गरज होती तिथलंच लाकूड मी काढून टाकलं. तोच बोल्ट डावीकडून उजवीकडे घातला असता तर दांडा फारसा कमजोर झाला नसता. मटेरियल कुठलंही घ्या, हा नियम सगळ्यांना लागू. भोक आडवं पाडा, खोबणीच्या तोंडापासून निदान पाच सेंटिमीटर खाली पाडा आणि दांडा खोबणीत १५ ते २० सेंटिमीटर आत जाऊ द्या.

आता मटेरियल

लाकडापासून सुरुवात करू. अमेरिकेत अवजारांच्या दांड्यांसाठी दोन लाकडं नावाजलेली आहेत, ॲश आणि हिकरी. हातोडी-कुऱ्हाडीला हिकरी, फावड्याला आणि बेसबॉलच्या बॅटला ॲश. दोन्ही लवचिक, धक्का पचवणारी. हिकरी जास्त मजबूत आणि थोडी जड. ॲश हल्ली पूर्वीसारखं सहज मिळत नाही. २००२ मध्ये मिशिगनमध्ये एक हिरवा किडा सापडला, आशियातून आलेला. त्याने तेव्हापासून ॲशची कोट्यवधी झाडं मारली आहेत.

लाकूड घेताना रेषा बघा. त्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेल्या पाहिजेत. मध्येच तिरक्या होऊन कडेला बाहेर पडत असतील किंवा खोबणीजवळ गाठ असेल तर तो दांडा दुकानातच ठेवा. रेड ओक स्वस्त मिळतं, पण त्याच्या नळ्या उघड्या असतात. छोट्या तुकड्याच्या एका टोकाने फुंकलं तर हवा दुसऱ्या टोकाने निघते! तसंच खारं पाणीही आत शिरणार.

जाडी तर फार महत्त्वाची. भरीव गोल दांड्याची ताकद जाडीच्या घनाने वाढते. ३२ मिलिमीटरऐवजी ३८ घेतला तर ताकद साधारण १.७ पट होते. ३२ मिलिमीटरचा ॲशचा दांडा ३० किलोच्या ओढीला जवळजवळ मोडण्याच्या सीमेवर पोचतो. ३८ चा आरामात टिकतो. माझ्या २८ मिलिमीटरच्या मऊ पाइनचं काय झालं असेल, ते आता तुम्हीच सांगा.

लाकडाला जवसाचं तेल पाजा, दोन्ही टोकांना जास्त. पण तेल लावलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना गरम होतं आणि फडकी आपोआप पेटू शकतात. ती पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

दुसरा पर्याय स्टेनलेस स्टीलचा पाइप. पाण्यात काम करायचं असेल तर माझं पहिलं मत यालाच. इथे एक गंमत आहे. ३२ मिलिमीटरचा, २ मिलिमीटर जाड पत्र्याचा पाइप आणि ३८ मिलिमीटरचा, दीड मिलिमीटर पत्र्याचा पाइप, यात मजबूत कोणता? आपला हात जाड पत्र्याकडे जातो. पण ३८ चा पाइप जास्त ताकदवान आहे, आणि वजनानेही हलका! मीटरला अंदाजे १ किलो ३६० ग्रॅम, तर ३२ चा १ किलो ४९०. पोकळ पाइपात व्यास वाढवणं पत्रा जाड करण्यापेक्षा जास्त कामाला येतं.

ग्रेड विचारून घ्या. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, ते मिठापासून वाचवतं. ३०४ ही चालतं, पण दर वेळी गोड्या पाण्याने धुवा. आणि मुंबई-कोकणातल्या मित्रांनो, जिन्याच्या रेलिंगचा पाइप फॅब्रिकेटरकडे सहज मिळतो, आर्गन वेल्डिंगही तिथेच होतं. पण बऱ्याचदा तो २०२ ग्रेडचा असतो आणि खाऱ्या हवेत त्याला गंजाचे डाग पडतात. लोहचुंबक लावून फरक कळत नाही. २०२ आणि ३०४, दोन्हींना तो नीट चिकटत नाही. खात्रीच्या माणसाकडून घ्या.

ॲल्युमिनियम हलकं, स्वस्त, एकट्याने समुद्रातही बरं टिकतं. पण स्टेनलेसच्या खोबणीत घालून खाऱ्या पाण्यात बुडवलं की त्या दोघांची बॅटरी तयार होते आणि त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. काही महिन्यांत पांढरी भुकटी दिसू लागते, बोल्ट जाम होतो. वापरायचंच असेल तर मध्ये प्लास्टिकची नळी आणि प्लास्टिकचे वॉशर घाला.

कार्बन फायबर सगळ्यात हलकं. दिवसभर उचलाउचल करणाऱ्यांच्या पाठीला त्याची किंमत कळते. पण बोल्ट आवळला की नळी चेपून तडकते. आतून लाकडाचा घट्ट तुकडा इपॉक्सीने चिकटवा, मगच भोक पाडा. पाडताना मास्क लावा, ती धूळ फुप्फुसाला वाईट. आणि त्याचा ॲल्युमिनियमशी संबंध येऊ देऊ नका, तिथेही तीच बॅटरी होते.

पीव्हीसी पाइप फक्त कोरड्या वाळूतल्या छोट्या स्कूपला. ओल्या वाळूत तो धनुष्यासारखा वाकतो आणि थंडीत तडकतो. बांबू लांबीच्या दिशेने जबरदस्त असतो, पण बोल्टच्या भोकापासून उभा चिरतो. जुन्या फावड्याचा फायबरग्लासचा दांडा मिळाला तर जरूर वापरा. फक्त उन्हाने वरचा थर गेला की बारीक काचतंतू हाताला टोचतात, म्हणून रंग द्या किंवा टेप गुंडाळा.

मी काय केलं?

आता माझ्याकडे ३८ मिलिमीटरचा ३१६ चा पाइप आहे, डब्यालाच वेल्ड केलेला, म्हणजे बोल्टची भानगडच नाही. खालच्या टोकाला पाणी निघून जायला छोटं भोक ठेवलंय, नाहीतर आत मीठ आणि वाळू साचते. तो जड आहे, हे मान्य. तीन तासांनी खांदा बोलतो. कोरड्या वाळूसाठी ॲशच्या दांड्याचा दुसरा, हलका स्कूप ठेवलाय. धातूचा स्कूप डिटेक्टरजवळ आला की तोच वाजतो, म्हणून शोधताना तो मागे ओढत न्या.

जाता जाता कायद्याचं. न्यू जर्सीतलं सँडी हूक नॅशनल पार्क सर्व्हिसकडे आहे, तिथे डिटेक्टर चालत नाही. आणि भारतात १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा अजून आहे. जमिनीत दडलेलं १० रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. जिथे जाल तिथले नियम आधी विचारा.

नवा स्कूप बनवल्यावर मी पहिल्यांदा किनाऱ्यावर गेलोच नाही. आमच्या अंगणात ओल्या मातीत डबा रुतवला आणि सगळं वजन टाकून दांडा मागे ओढला. दहा वेळा. तुम्हीही हे कराच. मोडायचं असेल तर ते घरी मोडू दे. कोणीतरी पाण्यात उभं राहून आपल्याकडे आशेने बघत असताना नको.

भेटू पुढच्या भागात. तोवर बनवत राहा!