पावसाळ्यात सायकलने कामावर जाताना



मंदसौरच्या तहानंतर १८१८ मध्ये इंदूर ही होळकरांच्या राज्याची राजधानी झाली. पुढे या शहरात कापडगिरण्या उभ्या राहिल्या आणि पाळीचा भोंगा ऐकून घर सोडणारा मोठा कामगारवर्ग तेथे निर्माण झाला. सायकल हे या वर्गाचे नित्याचे वाहन होते. हुकूमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली, कालांतराने इतर गिरण्यांचे भोंगेही थांबले. सायकल मात्र थांबली नाही. गवंडी, मजूर, रखवालदार, वर्तमानपत्रे टाकणारी मुले असे अनेकजण आजही तिच्यावरच कामाला जातात. त्यांना पावसाची सुटी नसते. वेळ चुकली तर रोज बुडतो आणि भिजून आजार ओढवला तर आठवड्याची मजुरी जाते. म्हणून पावसात सायकलवरून सुखाने कामावर पोचणे हा चैनीचा नव्हे, तर रोजीरोटीचा प्रश्न आहे.

समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवरील माळव्याच्या या पठारावर जून महिन्याच्या उत्तरार्धापासून सप्टेंबर अखेरपर्यंत पाऊस असतो. जुलै-ऑगस्टमध्ये त्याचा जोर अधिक असला तरी हवा फारशी थंड नसते. दिवसाचे तापमान बहुधा पंचवीस ते तीस अंशांच्या दरम्यान राहते. अशा हवेत सायकलस्वाराला पावसाइतकाच स्वतःचा घामही भिजवितो, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही.

पायडल मारताना शरीर जी शक्ती खर्च करते, तिचा सुमारे चौथा हिस्साच चाक फिरविण्याच्या कामी येतो. उरलेल्या शक्तीची उष्णता होते. ही उष्णता बाहेर टाकण्यासाठी घाम येतो. एक लिटर घाम वाळला तर शरीरातील सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. परंतु घाम वाळण्यास हवा खेळती लागते. सर्व बाजूंनी बंद असलेल्या रबरी किंवा प्लास्टिकच्या रेनकोटात ती खेळत नाही. स्कॉटलंडमध्ये चार्ल्स मॅकिंटॉश याने १८२३ मध्ये दोन कापडांमध्ये रबराचा थर घालून जलाभेद्य कापड तयार केले, तेव्हापासून ही अडचण माणसाच्या मागे लागलेली आहे. पाऊस बाहेर राहतो, पण घाम आत साचतो.

आपल्याकडील शेतकऱ्याने या अडचणीवर फार पूर्वीच उपाय शोधला होता. बांबूच्या कामट्या व पाने यांचे इरले, किंवा डोक्यावरून घेतलेली घोंगडीची खोळ पाठीवरचा पाऊस झेलते आणि खालून व समोरून मोकळी राहते. सायकलस्वाराने हेच तत्त्व ध्यानी ठेवावे. अंगाला चिकटणाऱ्या कोटापेक्षा खालून मोकळा, सैल रेनकोट अधिक सुखाचा ठरतो. मात्र त्याचा घोळ चाकात अथवा साखळीत जाणार नाही अशा बेताने तो बांधून घ्यावा. धोतर, साडी व ओढणी यांबाबतही हीच दक्षता आवश्यक आहे. पाऊस रिमझिम असेल आणि अंतर थोडे असेल, तर कोट न घालता थोडे भिजून जाणेही पुष्कळदा बरे असते. अट एवढीच की पोचल्याबरोबर कोरडे कपडे मिळाले पाहिजेत. खरा त्रास ओल्या कपड्यांनिशी तासन् तास पंख्याखाली बसण्याने होतो. म्हणून कपड्यांचा एक जोड, एक पंचा आणि शिक्षकांची हजेरीपत्रके वा वह्या मेणकापडात नीट गुंडाळून बरोबर न्याव्यात.

पायांची काळजी विशेष घ्यावी. दिवसभर ओल्या बुटांत राहिलेल्या पायांच्या बोटांमध्ये चिखल्या होतात. यासाठी पट्ट्याची चप्पल बरी. पोचल्यावर पाय धुऊन बोटांमधील जागा कोरडी करावी. पायाला जखम असल्यास साचलेल्या घाण पाण्यातून जाणे टाळावे, कारण अशा पाण्यातून लेप्टोस्पायरोसिससारखा रोग होण्याचा संभव असतो. त्यानंतर ताप आल्यास विनाविलंब डॉक्टरांकडे जावे.

आता सुरक्षिततेविषयी. एका हातात छत्री धरून सायकल चालविणे सर्रास आढळते. ते धोक्याचे आहे. त्यामुळे एकच ब्रेक हाताशी राहतो आणि वाऱ्याच्या झोताने तोल जातो. लोखंडी रिम ओली झाली की ब्रेकची पकड फार कमी होते. यास्तव थांबण्याच्या बऱ्याच आधीपासून ब्रेक हलके दाबून रिमवरील पाणी पुसून काढावे आणि मग जोर द्यावा. पहिल्या पावसात रस्त्यावरील तेल व धूळ यांचा निसरडा थर होतो. गटारांची लोखंडी झाकणे व रस्त्यावरील रंगीत पट्टेही घसरतात. त्यांच्यावर वळण घेऊ नये. पुलावरून पाणी वाहत असेल तर ते कितीही उथळ भासो, सायकल त्यात घालू नये.

माळव्याची काळी माती चिकट असते. ती मडगार्ड आणि चाक यांच्यामध्ये भरली की चाक फिरेनासे होते. मडगार्ड मात्र काढून टाकू नये. काडीने माती वेळोवेळी काढावी आणि पुढच्या मडगार्डाला जुन्या रबराचा तुकडा लावावा, म्हणजे चिखल पायांवर उडत नाही. साखळीला तेल द्यावे. मागे लाल परावर्तक असावा, कारण पावसाच्या अंधारात मोटारचालकाला सायकल सहज दिसत नाही.

एवढे सर्व करूनही सायकलस्वार थोडा तरी भिजणारच. त्याचे पुढचे सुख तो जेथे पोचतो त्या जागेवर अवलंबून असते. कामगारांचे कपडे ठेवण्यासाठी व ओले कपडे वाळविण्यासाठी कारखान्यांत योग्य जागा असावी, असे नियम करण्याचा अधिकार १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम ४३ ने राज्य शासनांना दिला होता. त्यामागील विचार कारखान्यांपुरता मर्यादित नाही. ग्रामपंचायत कार्यालय, शाळा, दवाखाना, बांधकामाची जागा या सर्वच ठिकाणी सायकलींवर छप्पर, कपडे वाळविण्यास एक दोरी आणि कपडे बदलण्यास एक आडोसा असणे अवघड नाही. स्त्रियांसाठी तो आडोसा स्वतंत्र असावा. मध्यप्रदेशात व महाराष्ट्रातही शाळकरी मुलींना सायकली देण्याच्या योजना राबविल्या गेल्या आहेत. त्या सायकलीवरून भिजत आलेली मुलगी ओल्या गणवेशात दिवसभर बाकावर बसून राहिली, तर योजनेचा हेतू अपुरा राहतो.

दोरीला खर्च नगण्य येतो. आडोशाला चार बांबू आणि एक ताडपत्री पुरते. पाऊस सुरू होण्यापूर्वी एवढी व्यवस्था प्रत्येक कार्यालयाने आणि शाळेने करून ठेवावी.