सातबाऱ्यावरची माती
(लालबाग येथील चाळींत केलेलें भाषण)



आम्ही खेड्यांतले शाळामास्तर. तुम्हांस शेती शिकवावी एवढी आमची ऐपत नाहीं. पण लालबाग-परळच्या चाळींत राहणाऱ्या पुष्कळांच्या नांवें सातारा, सांगली, कोंकणांत अजून चार गुंठे जमीन आहे, आणि ती दर पावसाळ्यास ओढ्यावाटें निघून जात आहे. सातबाऱ्यावर आहे, शेतांत नाहीं!

जोतीरावांनीं 1883 सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा केला. फौजेंतले व पोलिसांतले शिपाई लावून बांध घाला, म्हणजे पाणी शेतांत मुरून मग ओढ्यास जाईल. नदीतळ्यांतला गाळ शेतकऱ्यांस नेऊं द्या. जंगलखात्यानें घेतलेलीं गायरानें गांवास परत करा, असें त्यांनीं त्या वेळच्या सरकारास बजावलें. ते सरकार गेलें. आज गायरान कोण गिळतो? आपलाच भाऊबंद, दर वर्षीं दोन हात बांध कोरून. हें कडू लागेल, पण खोटें नाहीं.

आतां तुमच्याच गिरणगांवची गोष्ट ऐका. 18 जानेवारी 1982 पासून गिरण्यांचा संप झाला. चुली थंड पडल्या तेव्हां हजारों कामगार गांवीं परतले. सांगली जिल्ह्यांतील खानापूर तालुक्यांत पाहतात तों दुष्काळ, आणि येरळा नदी कोरडी. कंत्राटदार मात्र तिची वाळू गाड्या भरभरून नेत होते. वाळू म्हणजे नदीचा माठ. ती गेली कीं कांठच्या विहिरी आटल्याच. ह्या कामगारांनीं व शेतकऱ्यांनीं मुक्तिसंघर्ष चळवळींत एकत्र येऊन विचारलें कीं, दुष्काळी कामावर नुसती खडी किती दिवस फोडावी? बलवडी व तांदुळवाडीच्या लोकांनीं वाळूची लूट अडविली, थोडी वाळू स्वतः विकली, आणि त्या पैशांवर व अंगमेहनतीवर 1986 सालीं धरण बांधावयास घेतलें. नांव ठेविलें बळीराजा स्मृति धरण. हें नांव कोठून आलें तें जोतीरावांच्या वाचकांस सांगावयास नको. पाण्याचा वांटा भूमिहीनासहि द्यावयाचा, आणि सगळें पाणी पिणारा ऊंस लावावयाचा नाहीं, असें ठरलें. एकट्याच्या उंसापायीं दहा घरांची ज्वारी वाळते, हें त्यांनीं ओळखलें होतें.

तुम्ही गणपतीस गांवीं जातां. भर पावसांत एकदां शेताच्या खालच्या बांधावर उभे राहा. पाणी गढूळ वाहत असेल तर ती तुमची माती चालली. भावास सांगा, नांगर उतारास आडवा धर. गायरानांत पहिल्या पावसास गुरें सोडूं नयेत; गवत वाढून त्याचें बीं पडूं द्यावें, मग कापून दावणीस घालावें. धनगरास काठी घेऊन हांकलूं नका, पीक निघाल्यावर त्याचीं मेंढरें शेतांत बसवा. तेवढें खत विकत घेऊं गेल्यास पदरचे पैसे जातात. आणि तलाठ्याकडून गायरानाचा नकाशा मागून घ्या. तो ग्रामसभेंत सर्वांपुढें वाचावा, बायांनाहि बोलवावें. पाण्याचा हंडा त्यांच्याच डोक्यावर असतो.