तीन चित्रपट आणि एक गाव

(केंदूर, तालुका शिरूर येथील व्याख्यानाचा मजकूर)



१९ सप्टेंबर २०२५ हा शुक्रवार मराठी चित्रपटाच्या दृष्टीने जरा वेगळा होता. त्या दिवशी 'साबर बोंडं' आणि 'कुर्ला टू वेंगुर्ला' हे दोन चित्रपट पडद्यावर आले. आठवडाभर आधी, १२ सप्टेंबरला लागलेला 'दशावतार' तेव्हा गर्दी खेचत होता. या तिन्ही चित्रपटांचा विषय खेडे हाच आहे. खेड्यातील जमीन, खेड्यातील लग्न आणि खेड्यातील माणसाचे मन, अशी त्यांची ढोबळ विभागणी करता येईल. मराठी पडद्यावर एकाच शनिवार-रविवारी खेड्याविषयीच्या तीन गंभीर प्रश्नांनी एकत्र यावे, हा योग वारंवार येत नाही.

आता केंदूरच्या एखाद्या तरुणाने हे तिन्ही चित्रपट त्या शनिवार-रविवारी पाहायचे असे ठरवले, तर त्याला काय करावे लागले असते? शिक्रापूरमार्गे नगर रस्त्याला लागून पुण्याच्या दिशेने जायचे, मल्टिप्लेक्समधील खेळाची वेळ गाठायची, तिकीट, पेट्रोल आणि खाणे यांचा खर्च सोसायचा आणि रात्री परतायचे. हेच दुसऱ्या दिवशी पुन्हा. हा तरुण रांजणगाव किंवा चाकणच्या कारखान्यात कंत्राटी कामगार असेल, तर त्याच्या पाळीचा आणि खेळाच्या वेळेचा मेळ बसणेही कठीण. त्याची बहीण किंवा पत्नी तर या हिशेबात धरलेलीच नाही. ज्यांच्याविषयी हे चित्रपट काढले, त्यांनाच ते पाहणे सर्वांत अवघड आहे. तिन्ही चित्रपटांच्या गुणदोषांचा विचार करताना ही विसंगती दृष्टीआड होऊ देता कामा नये.

'दशावतार'पासून आरंभ करणे योग्य ठरेल. सुबोध खानोलकर यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात दिलीप प्रभावळकर यांनी बाबुली मेस्त्री हा दशावतारी नट उभा केला आहे. वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी या नटाने देहबोलीचे जे सामर्थ्य दाखवले आहे, ते थक्क करणारे आहे. बाबुलीची दृष्टी मंदावत चालली आहे, परंतु रंग चढला की त्याला अंधार अडवू शकत नाही. लोककलावंताच्या जीवनातील हे सत्य पुणे जिल्ह्याच्या या उत्तर भागाला परके नाही. तमाशाच्या सुपाऱ्या ठरवायला गावोगावचे लोक ज्या नारायणगावला जातात, ते इथून फार दूर नाही. त्याच नारायणगावच्या विठाबाईंनी राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान स्वीकारला आणि तरीही २००२ साली त्यांचे निधन झाले, तोवरचे अखेरचे दिवस हलाखीतच गेले. कलावंत म्हातारा झाला म्हणजे समाज त्याला टाळ्या देतो, पण निर्वाहाची सोय करीत नाही. बाबुलीच्या घरातील विवंचना पाहताना हे आठवल्याशिवाय राहत नाही.

चित्रपटाचा दुसरा धागा खाणीचा आहे. कोकणच्या भूमीवर खाणवाल्यांची दृष्टी पडते, त्या व्यवहारात बाबुलीच्या मुलाचा बळी जातो आणि बाप दशावतारातील एकेक रूप घेऊन सूड उगवतो. विषय कल्पित असला तरी पाया खरा आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यातल्या कळणे गावाने लोहखनिजाच्या खाणीविरुद्ध केलेला संघर्ष महाराष्ट्राला ठाऊक आहे. २०२१ च्या पावसाळ्यात त्या खाणीतील पाणी फुटून चिखलासह गावात आणि बागायतीत शिरले. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ सालच्या अहवालात पश्चिम घाटाचे भवितव्य ठरवताना ग्रामसभांचे मत निर्णायक मानावे असा आग्रह धरला होता. सत्ताधाऱ्यांना नेमकी हीच गोष्ट पचली नाही.

चित्रपटाची खरी मर्यादा इथे दिसते. दिग्दर्शकाने अन्याय ओळखला आहे, अन्याय करणाराही ओळखला आहे. परंतु प्रतिकाराचे काम त्याने एकट्या माणसावर आणि त्याच्या अंगात संचारणाऱ्या अवतारावर सोपवले आहे. गाव मात्र बहुतांशी प्रेक्षकाच्या जागी बसून राहते. दुष्टांचा संहार झाला की चित्रपटगृहात टाळ्या पडतात आणि प्रेक्षक समाधानाने घरी जातो. कळणेच्या माणसांना असे समाधान मिळाले नाही. त्यांना मोर्चे काढावे लागले, खटले अंगावर घ्यावे लागले, वर्षानुवर्षे कागद जमवावे लागले. अवताराची वाट पाहणारे गाव आणि ग्रामसभा भरवणारे गाव यांत अंतर आहे. लोककलेचे वैभव पडद्यावर आणल्याबद्दल चित्रपटाचे मनःपूर्वक अभिनंदन करतानाच ही उणीव सांगितली पाहिजे.

'कुर्ला टू वेंगुर्ला' हा विजय कलमकर यांचा चित्रपट वरकरणी विनोदी आहे. गावात राहणाऱ्या मुलांची लग्ने जमत नाहीत, मुलींना शहरातला नवरा हवा, ही त्यातली अडचण. हा प्रश्न कोकणापुरता नाही. शिरूर तालुक्यातील कोणत्याही गावात पारावर बसलेल्या चार तरुणांना विचारले तर विनोद बाजूला राहील. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात अविवाहित तरुणांनी नवरदेवाचा पोशाख करून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला होता. वृत्तपत्रांनी त्याची बातमी गंमत म्हणून छापली. मोर्चेकऱ्यांच्या घरांत मात्र गंमत नव्हती.

या प्रश्नाची मुळे दोन आहेत आणि चित्रपट पाहून आल्यावर चर्चा झाली पाहिजे ती त्यांचीच. पहिले मूळ जनगणनेच्या आकड्यांत आहे. महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या. २००१ मध्ये त्या ९१३ झाल्या आणि २०११ मध्ये ८९४. २००१ साली ज्यांची मोजदाद झाली ती बालके आज पंचवीस ते एकतीस वर्षांची आहेत, म्हणजे ऐन लग्नाच्या वयाची. ज्या मुली आज मिळत नाहीत असे म्हटले जाते, त्यांतील अनेकींना जन्मालाच येऊ दिलेले नाही. गर्भलिंगनिदानास बंदी करणारा कायदा १९९४ साली झाला, पण तो मोडणारे डॉक्टर आणि त्यांच्याकडे जाणारी कुटुंबे याच समाजातील होती. सोलापूरच्या मोर्चाने सरकारला जाब विचारला, तो योग्यच होता. तथापि तोच जाब घरातल्या वडीलधाऱ्यांनाही विचारायला हवा.

दुसरे मूळ जमिनीत आहे. महाराष्ट्रात १९७०-७१ साली सरासरी धारणक्षेत्र ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ च्या कृषिगणनेत ते १.३४ हेक्टरवर आले. एवढ्या तुकड्यावर, तेही पाण्याची शाश्वती नसताना, संसार कसा चालतो हे शेतकऱ्याच्या मुलीइतके दुसऱ्या कोणाला कळणार? तिने आईला पाण्यासाठी वणवण करताना पाहिले आहे, खुरपणीने वाकलेली तिची पाठ पाहिली आहे. सात-बाऱ्यावर आईचे नाव नसते हेही तिला ठाऊक आहे. तिने शहरातला नवरा मागितला तर तिला चैनीची हाव सुटली आहे असे म्हणणे हा शुद्ध अन्याय होय. तिने नकार दिला आहे तो त्या जगण्याला. गावाकडे राहण्यात सुख आहे, हे सांगणारे चित्रपट जरूर निघावेत. परंतु ते सुख सुनेच्याही वाट्याला येईल अशी व्यवस्था झाल्याशिवाय त्या सांगण्याला वजन येणार नाही.

तिसरा चित्रपट 'साबर बोंडं'. या तिन्हींत सर्वांत शांत आणि सर्वांत धाडसी. रोहन कानवडे यांच्या या चित्रपटाला जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्रपटांच्या विभागातील सर्वोच्च परीक्षक पुरस्कार मिळाला. मुंबईत कॉल सेंटरमध्ये काम करणारा आनंद वडिलांच्या मृत्यूनंतर आईसह गावी येतो. दहा दिवसांचे सुतक, त्याचे नियम, भावकीची वर्दळ आणि या सगळ्यात पुन्हापुन्हा कानावर येणारा एकच प्रश्न: लग्न कधी करणार? आनंदला स्त्रीशी लग्न करायचे नाही. त्याचे प्रेम आहे ते बाळ्यावर, बालपणीच्या शेतकरी मित्रावर. बाळ्याच्या घरीही लग्नाचा तगादा चालूच आहे.

असा विषय खेड्यात कसा चालेल, असे कोणी विचारील. विषय खेड्यातलाच आहे, हे त्याचे उत्तर. अशी माणसे प्रत्येक गावात होती आणि आहेत. त्यांच्यापैकी कित्येकांना बळेच बोहल्यावर चढवले गेले आणि मग त्यांच्याबरोबर एका निरपराध स्त्रीचे आयुष्यही करपले. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी अशा संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का पुसला. विवाहाचा हक्क देण्यास मात्र त्याच न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये नकार दिला. कायदा अर्ध्या वाटेवर थांबला आहे आणि समाज त्याच्याही मागे आहे.

या चित्रपटाची खरी शक्ती आईच्या व्यक्तिरेखेत आहे. जयश्री जगताप यांनी ती विलक्षण संयमाने साकारली आहे. मुलाचे सत्य तिला ठाऊक आहे आणि तिने ते स्वीकारले आहे. भावकीचे प्रश्न ती अंगावर घेते आणि मुलासाठी आडोसा होते. १९५३ सालच्या 'श्यामची आई' या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले, तेव्हापासून मराठी मनाने आईची एक प्रतिमा जपली आहे. ती आई मुलाला जगाशी कसे वागावे ते शिकवते. 'साबर बोंडं'मधील आई जगाने मुलाशी कसे वागावे याचा वस्तुपाठ घालून देते. दोघींच्या मायेची जात एकच आहे. काळ बदलला तशी तिची कसोटी बदलली, इतकेच.

शीर्षकातील बोंड म्हणजे निवडुंगाचे फळ. माळावर वाढलेल्या माणसाला त्याची चव माहीत असते. काटे काढण्याचे कष्ट घेतले तरच ते खाता येते. दिग्दर्शकाने याचे अवडंबर माजवलेले नाही. पार्श्वसंगीताचा मोह टाळला आहे, कॅमेरा स्थिर ठेवला आहे. चित्रपटाची संथ गती काहींना जड जाईल, हे खरे. परंतु सुतकातल्या घरात वेळ तसाच जातो.

आता मूळ मुद्द्याकडे वळले पाहिजे. केंदूरच्या शेजारी पाबळला मस्तानीची समाधी आहे. २०१५ च्या डिसेंबरात तिच्यावरील हिंदी चित्रपट देशभर झळकला. याच तालुक्यातील वढू बुद्रुकला संभाजीराजांची समाधी आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांच्यावरील 'छावा' या चित्रपटाने गर्दीचे उच्चांक केले. या भूमीचा इतिहास विकला जातो, खपतो, गाजतो. तिचे वर्तमान मांडणाऱ्या चित्रपटाला मात्र खेळ मिळवताना झगडावे लागते. २०१५ च्या एप्रिलमध्ये मल्टिप्लेक्सनी मराठी चित्रपटांना मोक्याच्या वेळी खेळ द्यावेत असे राज्य सरकारने जाहीर केले. त्यावर गहजब झाल्यानंतर दुपारी बारा ते रात्री नऊ अशी सैल मुदत स्वीकारली गेली. २०२३ साली भाऊराव कऱ्हाडे यांच्या 'टीडीएम' या ग्रामीण चित्रपटाला पुरेसे खेळ मिळेनात, तेव्हा कलावंतांना प्रेक्षकांसमोर अश्रू आवरले नाहीत. २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरील वस्तू व सेवा कर बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला. निर्णय चांगला, पण शंभराच्या आतले तिकीट शनिवार-रविवारी मल्टिप्लेक्सच्या खिडकीवर शोधावे लागते.

एके काळी जत्रेत तंबूतला सिनेमा येत असे. जमिनीवर बसून, पडद्याच्या दोन्ही बाजूंनी माणसे तो पाहत. तो तंबू दूरचित्रवाणीने उठवला आणि मोबाइलने त्याची आठवणही पुसली. मोबाइलवर चित्रपट दिसतो, हे खरे. पण तो एकेकट्याला दिसतो. पाहून झाल्यावर शेजाऱ्याशी वाद घालता येत नाही, आणि वादाशिवाय विचार पुढे जात नाही.

यावर उपाय अशक्य कोटीतला नाही. कर्नाटकातील हेग्गोडू या लहानशा गावात के. व्ही. सुब्बण्णा यांच्या 'नीनासम्' संस्थेने १९७३ साली चित्रपट मंडळ सुरू केले आणि सुपारीच्या बागा राखणाऱ्या माणसांना जगातील उत्तमोत्तम चित्रपट दाखवले. त्या प्रेक्षकांना ते समजले, कारण त्यांना कोणी अडाणी समजले नाही. केंदूरला कान्होराज पाठकांची परंपरा आहे. कीर्तनाला बसून अर्थाचा कीस पाडण्याची सवय इथल्या माणसांना पिढ्यानपिढ्यांची आहे. शेजारी पाबळला १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम उभारला आणि हाताने शिकणे म्हणजे काय ते दाखवून दिले. या मातीत चित्रपट मंडळ रुजणार नाही असे मानण्याचे कारण नाही.

शाळेचे सभागृह, एक प्रक्षेपक, पांढरा पडदा, निर्मात्याची रीतसर परवानगी आणि महिन्यातून एक रविवार, एवढे भांडवल पुरेसे आहे. खेळ दुपारचा ठेवावा, म्हणजे स्त्रियांना येता येईल. पुढची रांग त्यांच्यासाठी असावी आणि खेळानंतर पहिले बोलणे त्यांचे असावे. 'दशावतार' पाहून ग्रामसभेची आठवण झाली पाहिजे. 'कुर्ला टू वेंगुर्ला' पाहून सात-बाऱ्यावर सुनेचे नाव लावण्याचा विषय निघाला पाहिजे. आणि 'साबर बोंडं' पाहून गावातला एखादा गप्प राहणारा मुलगा घरी गेल्यावर आईजवळ बसला, तर मंडळाचा सगळा खर्च भरून निघाला असे समजावे.