इंजिन बदलले, रेडिएटरचे काय?
(जिल्हा बैठकीतील भाषणाचे शब्दांकन)



शेतकऱ्यांच्या बैठकीत रेडिएटरचे काय काम, असे काहींना वाटेल. पण आपला कापूस, ज्वारी, मिरची ज्या पिकअपवर लादून बाजाराला जाते, ती घाटात उकळली की काय होते ते पाहा. त्या दिवसाचा बाजार हुकतो, माल दुसऱ्या गाडीत भरायची हमाली पडते आणि वर गॅरेजचे बिल येते. वर्षभराच्या घामातून हातात पडणारे चार पैसे रस्त्याच्या कडेला वाफ होऊन जातात. म्हणून हा विषय शेतीच्या हिशेबाचाच आहे.

नवी पिकअप घ्यायची तर हप्ते डोक्यावर बसतात. कोरडवाहू कापसाच्या भरवशावर हप्ते भरणे म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणून जुन्या गाडीची चेसी धड असली की माणूस भंगारातून दुसरे इंजिन आणतो. ही रीत जुनी आहे. पेट्रोलची जीप परवडेना, तेव्हा तिच्यात डिझेल इंजिन बसवण्याचे काम गॅरेजांनी वर्षानुवर्षे केले. महिंद्र कंपनीनेही आपल्या जीपला आधी ट्रॅक्टरचे बी-२७५ आणि पुढे प्यूजोचे २,११२ सीसीचे डिझेल इंजिन लावले. पण कंपनी इंजिन बदलते तेव्हा रेडिएटर, पंखा, होज पाइप सगळे मोजून बसवते. आपल्याकडे इंजिनाचा सौदा दहा दिवस चालतो आणि रेडिएटरची निवड दहा मिनिटांत होते. "जागेत बसतोय ना? मग लावा!"

सौदा करण्याआधी एक काम करा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलायला आरटीओची परवानगी लागते आणि आरसी बुकात नोंद लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. अपघात झाला तर विमा कंपनीला हरकत घ्यायला जागा मिळते. तेव्हा आधी नंदुरबारच्या आरटीओ कचेरीत विचारा, मगच खिशात हात घाला.

आता मुद्द्याचे. विहिरीला पाणी किती येते ते पाहून आपण मोटार घेतो आणि मोटार पाहून पाइप घेतो. पाच हॉर्सपॉवरच्या मोटारीला बारीक पाइप जोडला तर दोष मोटारीचा नसतो. इंजिनाचेही तसेच. जळालेल्या डिझेलची ढोबळमानाने एक तृतीयांश ताकद चाकाकडे जाते, एक तृतीयांश धुराबरोबर जाते आणि उरलेली बरीचशी इंजिनाच्या पाण्यात उतरते. ६० हॉर्सपॉवरचे इंजिन म्हणजे ४५ किलोवॅट. पूर्ण जोरात ते जवळजवळ तेवढीच उष्णता पाण्यात सोडते. एक किलोवॅटच्या तीस-चाळीस शेगड्या एकदम पेटवल्यासारखे ते आहे. ही उष्णता बाहेर टाकणारा पाइप म्हणजे रेडिएटर.

त्यात आपले ऊन. पाणी ९५ अंशांवर आणि हवा २५ अंशांवर असेल तर फरक ७० चा. मे महिन्यात हवा ४३ वर गेली की फरक राहतो ५२. म्हणजे तोच रेडिएटर पाव ताकदीने कमी पडतो. थंडीत कापूस नेताना जी गाडी तक्रार करत नाही, ती उन्हाळ्यात का उकळते, त्याचे हे एक मोठे कारण.

मग निवड कशी करायची?

पहिले, इंजिन ज्या गाडीतून काढले, त्याच गाडीचा रेडिएटर मागा. तो मिळाला नाही तर त्याची जाळी मोजा. उंची गुणिले रुंदी. समजा मूळ जाळी २० बाय २० इंच, म्हणजे ४०० चौरस इंच होती आणि तुमच्या गाडीत १६ बाय १८, म्हणजे २८८ बसते. चौथ्या हिश्श्याहून जास्त तूट आली. नळ्यांच्या दोन ओळींऐवजी चार घेऊन ती तूट पुरती भरत नाही, कारण मागच्या ओळींना पुढून तापलेली हवा मिळते. समोरची रुंदी-उंची वाढवता येत असेल तर तीच आधी वाढवा.

दुसरे, पंखा. घाटात गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रांगते, तेव्हा समोरून वारा येत नाही. हवा ओढायची ती पंख्याने. पंख्याभोवती काउल, म्हणजे पत्र्याचे कडे हवेच. ते नसेल तर पंखा त्याच त्या गरम हवेला फिरवत बसतो.

तिसरे, धातू. तांबे-पितळेचा रेडिएटर जड असतो, पण तालुक्याच्या गावी डाग देऊन दुरुस्त होतो. ॲल्युमिनियमचा हलका असतो आणि चांगले काम देतो, पण प्लास्टिकची टाकी फुटली तर बहुधा नवाच घ्यावा लागतो. तुमच्या गावाजवळ कारागीर कोण आहे, हे पाहून ठरवा. फार दाट जाळी घेऊ नका. जिनिंगच्या आवारातली रुई आणि ज्वारीचा भुसा तिच्यात अडकतो. जाळी धुताना पाणी इंजिनाच्या बाजूने पुढे मारा.

चौथे, लहान वस्तू. झाकण इंजिनाला नेमून दिलेल्या दाबाचेच घ्या. दाबामुळे पाणी उशिरा उकळते. होज पाइप इंजिनाच्या तोंडाच्या मापाचा हवा. थर्मोस्टॅट काढून टाकू नका. काही इंजिनांत तो काढला की पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जाते आणि गाडी जास्तच तापते. विहिरीचे क्षाराचे पाणी भरू नका. भांड्याला बसतो तसाच थर नळ्यांत बसतो. कूलंट आणि शुद्ध पाणी यांचे मिश्रण वापरा.

गॅरेजवाल्याला शेवटचा पैसा देण्याआधी, नियमात बसेल एवढा माल भरून दुपारी कोंडाईबारी किंवा चांदसैलीचा घाट चढून पाहा. सपाटीवर ठीक आणि चढावर तापली, तर आधी पंखा आणि काउल तपासा. मोकळ्या रस्त्यावर वेगात तापली, तर जाळी लहान आहे किंवा तुंबली आहे. चालू केल्यावर थोड्याच वेळात तापली, तर थर्मोस्टॅट, अडकलेली हवा किंवा हेड गॅसकेट पाहा. तापलेल्या गाडीचे झाकण उघडू नका आणि तापल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका. हेडला तडा गेला की स्वस्तातले इंजिन सर्वांत महाग पडते.

बियाणे घेताना आपण जमीन पाहतो. रेडिएटर घेताना इंजिन, ऊन आणि घाट पाहा. इंजिनाच्या सौद्यातच रेडिएटर, पंखा, काउल आणि होज पाइपचे पैसे धरा. सगळी बेरीज खिशात बसत नसेल, तर भाड्याची गाडी करा आणि इंजिनाचा सौदा पुढच्या हंगामावर ठेवा.