कुवेतची थंडी आणि जुनी डिझेल गाडी

कुवेतमध्ये जुनी डिझेल गाडी थंडीत चालू व्हायला कुरकुरते, पण त्या कुरकुरीचे मूळ बहुधा थंडीत नसते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंतच्या थंडीला तिथले लोक मुरब्बानिया म्हणतात. शहरात जानेवारीच्या पहाटे पारा सात-आठ अंशांवर येतो आणि सालमी किंवा अब्दलीकडच्या उघड्या वाळवंटात कधी शून्याच्या आसपास उतरतो. लडाखच्या मानाने ही थंडी किरकोळच. लडाखमध्ये डिझेलमधले मेण गोठून फिल्टर बंद होतात, म्हणून इंडियन ऑइलने 2019 मध्ये उणे 33 अंशांपर्यंत वाहते राहणारे डिझेल तिथे आणले. कुवेतमध्ये डिझेल गोठत नाही. पण याच देशात मित्रिबा येथे 21 जुलै 2016 रोजी 53.9 अंश तापमान नोंदले गेले, आणि जुन्या गाडीची खरी खराबी त्या महिन्यांत होते. बॅटरी, रबरी नळ्या, इंजिनाच्या रिंगा यांची झीज उन्हाळ्यात होते आणि उन्हाळाच ती झाकूनही ठेवतो, कारण 45 अंशांच्या हवेत अर्धमेले इंजिनही पहिल्या सेल्फला उठते. जानेवारीत फक्त हिशेब समोर येतो.

कुवेतमध्ये खाजगी डिझेल मोटारी मुळात कमी. पेट्रोल स्वस्त आहे, आणि 2015 च्या जानेवारीत डिझेलचा दर लिटरला 55 फिल्सवरून एकदम 170 वर नेऊन ओरड झाल्यावर 110 वर आणला गेला, तेव्हापासून तर डिझेलची हौस परवडण्यातली राहिली नाही. दिसतात त्या वाफ्रा-अब्दलीच्या शेतांवरच्या गाड्या, हाफ लॉऱ्या आणि कोणी जपून ठेवलेली जुनी मर्सिडीज. हिवाळ्यात वाळवंटातल्या तंबूंचा हंगाम सुरू झाला की यातली एखादी रात्रभर उघड्यावर उभी राहते आणि पहाटे रुसते.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सायकलचा पंप जोरात मारला की त्याची नळी तापते, तोच प्रकार इथे कितीतरी पट मोठा असतो. जुन्या इंजिनात हवा वीस पटींच्या आसपास दाबली जाते, ती काही शे अंशांपर्यंत तापते आणि तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. गार इंजिनाचे लोखंड ही उष्णता शोषून घेते. इंजिन हळू फिरले तर हवेला गळायला आणि निवायला आणखी वेळ मिळतो. म्हणून पहिली तपासणी कानाने करायची: सेल्फ मारल्यावर इंजिन नेहमीच्या वेगाने फिरते की कण्हत फिरते?

कण्हत फिरत असेल तर आधी बॅटरी. शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य उष्णतेने घटते. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य जवळपास निम्मे होते. आतल्या जाळ्या गंजतात, पाणी उडते. त्यात थंडीत रासायनिक क्रिया मंदावते. शून्य अंशाला बॅटरीची ताकद सुमारे एक पंचमांशाने कमी होते, आणि नेमके तेव्हाच डिझेल इंजिन जास्त करंट मागते. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर मीटर लावून 12.6 व्होल्ट आले तर ती भरलेली आहे, 12.2 आले तर अर्धी रिकामी. पण नुसत्या या आकड्यावर विसंबू नये. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर बॅटरी वरून कितीही ठीक दिसली तरी ती गेलेली आहे. आकडा दहाच्या वर टिकूनही इंजिन रडत असेल तर दोष तारांत, अर्थिंगमध्ये किंवा सेल्फच्या मोटारीत. मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या लोखंडावर ठेवून सेल्फ मारावा. अर्ध्या व्होल्टच्या वर काही दिसले तर अर्थिंगची पट्टी गंजली आहे. ती स्वस्तातली पट्टी न बदलता नवी बॅटरी बसवणारे मालक थोडे नाहीत.

दुसऱ्या गाडीवरून करंट घेताना एक धोका आहे. मोठ्या लॉऱ्यांमध्ये 24 व्होल्टची जोडणी असते. तिच्यावरून 12 व्होल्टच्या गाडीला तारा जोडल्या तर वायरिंग आणि मीटर जळतात, बॅटरी फुटूही शकते. इंजिन ऑइलकडेही पाहावे: उन्हाळ्यासाठी भरलेले 20W-50 जानेवारीत तसेच असेल तर पहाटे ते काकवीसारखे जड होते आणि चांगली बॅटरीही थकते.

इंजिन जोरात फिरते पण पेटत नाही, तेव्हा मागे धूर पाहावा. धूर अजिबात नसेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येत असेल तर डिझेल पोचते आहे, पेटत मात्र नाही. हा एक फरक पाहिला की अर्धे निदान झाले.

पांढऱ्या धुराचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे हीटर प्लग. जुन्या गाड्यांत डिझेल आधी एका छोट्या कोठडीत फवारले जाते. त्या कोठडीच्या गार भिंती उष्णता खातात, म्हणून प्रत्येक सिलिंडरला एक हीटर प्लग दिलेला असतो. किल्ली फिरवली की डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लागतो आणि तो विझेपर्यंत थांबायचे असते. कुवेतची गंमत अशी की उन्हाळ्याच्या महिन्यांत इंजिनाला हे प्लग फारसे लागत नाहीत. दोन प्लग जळलेले असले तरी कोणाला पत्ता नसतो आणि पहिल्या गार सकाळी सगळे एकदम उघड होते. चारपैकी एकच प्लग गेला असेल तर गाडी चालू होते, पण अर्धा मिनिट एका सिलिंडरवर अडखळते आणि धूर सोडते. मग तापून सरळ चालते.

दिवा लागतो म्हणजे प्लग तापतात, असे समजू नये. बहुतेक गाड्यांत तो दिवा वेळ मोजतो, प्लगची तब्येत पाहत नाही. प्लगांना जोडणारी पट्टी काढावी, बारा व्होल्टच्या बल्बची एक तार बॅटरीच्या धन खांबाला लावावी आणि दुसरी एकेका प्लगच्या टोकाला टेकवावी. बल्ब पेटला तर आतली तार शाबूत आहे. न पेटला तर प्लग गेला. मीटरवर चांगला प्लग एका ओहमच्या आसपास दाखवतो. सगळे प्लग चांगले असूनही तापत नसतील तर रिले आणि त्यातला मोठा फ्यूज पाहावा. मर्सिडीजच्या 123 मालिकेत तो 80 अँपिअरच्या पट्टीच्या रूपात रिलेच्या झाकणाखाली असतो आणि धक्क्यांनी तडकतो. 1980 च्या आधीच्या मर्सिडीज डिझेलमध्ये प्लग एकापुढे एक जोडलेले असत, त्यामुळे एक जळला की सगळे बंद. अशा वेळी हवेच्या पाइपात ईथरचा फवारा मारण्याचा मोह होतो. तापलेल्या हीटर प्लगवर ईथर अवेळी भडकतो आणि पिस्टन तडकू शकतो. हा उपाय दुखण्यापेक्षा महाग.

धूरच नसेल तर बहुतेक वेळा डिझेलच्या वाटेत हवा शिरलेली असते. उन्हाने कडक झालेल्या रबरी नळीला बारीक चिरा पडतात. रात्री गारठ्याने रबर आकसते, चिरांतून हवा आत जाते आणि नळीतले डिझेल परत टाकीत उतरते. इंजिन थांबलेले असताना गळती शोधून सापडत नाही, कारण बाहेर थेंबही येत नाही; हवा आत ओढली जाते. फिल्टरच्या पुढे पारदर्शक नळीचा एक तुकडा बसवला तर बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. हँड पंप मारून एअर काढल्यावर गाडी लगेच उठली आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा रुसली, तर ही शंका पक्की. फिल्टरच्या तळाचे पाणीही सोडावे. पंप बंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह असलेल्या गाड्यांत किल्ली फिरवल्यावर त्याचा टिक आवाज येतो का, हे ऐकावे.

बॅटरी, प्लग, डिझेल सगळे जागेवर असून पांढरा धूर येत राहिला तर पंपाचे टायमिंग मागे पडलेले असते किंवा कॉम्प्रेशन उतरलेले असते. वाळूच्या वादळात फाटक्या एअर फिल्टरने काढलेला एक उन्हाळा रिंगा घासायला पुरतो. मर्सिडीज 300 डी च्या इंजिनात चांगल्या अवस्थेत दाब 22 ते 24 बार असतो. 15 च्या आसपास आला किंवा दोन सिलिंडरांत तीनहून अधिक बारचा फरक पडला की थंडीत त्रास ठरलेला. सिलिंडरात अगदी थोडे ऑइल टाकून दाब पुन्हा मोजावा. वाढला तर रिंगा झिजल्या आहेत, न वाढला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. पण इंजिन उघडण्याआधी टॅपेट तपासावेत. व्हॉल्व्ह वर्षानुवर्षे बैठकीत रुतत जातो, टॅपेटचे अंतर मिटत जाते आणि व्हॉल्व्ह पूर्ण मिटेनासा होतो. टॅपेट लावणे हे गॅरेजमधले एका दुपारचे काम आहे, आणि रिंगांचा खर्च कितीदा तरी तिथेच वाचतो.