आई परतते, लेकरू तोंड फिरवतं

दिवाळीच्या आसपास सोनपेठ तालुक्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. आगाऊ पैशांची उचल घेतलेली असते, जावंच लागतं. काही लेकरं आजीजवळ राहतात. हंगाम संपून पट्टा पडल्यावर आई परतते, आणि दोन-तीन वर्षांचं लेकरू तिच्याकडे जातच नाही, आजीच्या पदराआड लपतं. घरचे म्हणतात, "विसरलं बघ आईला!"

ते विसरलेलं नसतं. मनाच्या तळाशी दडपलेलं दुःख वागण्यातून वर येतं, असं सिग्मंड फ्रॉइड यांनी मांडलं. आपल्याकडे गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये कलकत्त्यात मनाच्या या अभ्यासासाठी संस्था काढली. पुढे इंग्लंडमध्ये जॉन बोल्बी आणि जेम्स रॉबर्टसन यांनी आईपासून दुरावलेली मुलं जवळून पाहिली. मूल आधी आकांत करतं, मग हिरमुसतं, शेवटी अलिप्त होतं. मोठ्यांना वाटतं, रुळलं. खरं तर पुन्हा दुखू नये म्हणून त्या मनानं स्वतःभोवती कुंपण घातलेलं असतं. आई परतली की आधी पाठ फिरवणं, नंतर क्षणभरही तिला न सोडणं, दोन्ही त्यातूनच येतं.

फ्रॉइड यांच्या बऱ्याच कल्पना आज मानल्या जात नाहीत; बोल्बी-रॉबर्टसन यांचं हे निरीक्षण मात्र टिकलं आहे. आणि यात आईचा काडीचाही दोष नाही.

म्हणून मायबाप हो, लेकरू झोपलेलं असताना गुपचूप निघू नका, सांगून निघा. फोनवर बोलत राहा. परतल्यावर त्याला ओढू नका, नुसतं जवळ बसा. काळजी वाटली तर टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं.