पाळणा जुना, लेकरू नवे



वसंत व्याख्यानमालेत वेदान्त शोभतो, इतिहास शोभतो, राजकारण तर शोभतेच शोभते. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात ही प्रथा सुरू केली, तेव्हा मुलांच्या जुन्या सामानाची डागडुजी हा विषय घेऊन कोणी उभा राहील असे त्यांच्या स्वप्नातही आले नसेल. पण तेल्हाऱ्यात आज ज्या घरी बारसे आहे, त्या घरी हा प्रश्न वेदान्तापेक्षा आधी सोडवावा लागतो. तेव्हा आजची संध्याकाळ मी पाळण्यासाठी मागून घेतो.

हिशेब अगदी साधा आहे. मूल पाळण्यात निजते ते सहासात महिने. ते उठून बसू लागले, कठड्याला धरून उभे राहू लागले, की पाळण्याचे काम संपले. उलट चांगल्या सागवानाचे आयुष्य साठ वर्षे सहज असते. म्हणजे पाळणा एका लेकरासाठी नसतोच. तो अनेक लेकरांचा असतो. आपल्या आज्यांना हे ठाऊक होते. पाळणा मागून आणण्यात त्यांना कमीपणा वाटत नसे. ज्या पाळण्यात चार लेकरे धडधाकट वाढली, तोच मुद्दाम मागून आणावा, अशी त्यांची समजूत असे. आता मात्र ‘जुने आणले म्हणतील’ या धाकाने माणसे हप्त्यावर नवे सामान घेतात. ते पुष्कळदा दाबलेल्या भुशाच्या फळ्यांचे असते. वर गुळगुळीत कागद आणि त्यावर हत्तीचे चित्र. एकदा पाणी लागले की फळी पुरीसारखी फुगते आणि स्क्रू बाहेर येतात. त्याच पैशात, किंबहुना त्याच्या चौथाईत, एखाद्या माळ्यावर पडलेला सागाचा पाळणा पुन्हा उभा राहू शकतो. फक्त डोळे उघडे ठेवून घेतला पाहिजे.

डोळे उघडे म्हणजे काय? रंगाकडे पाहू नका, पाळणा उलटा करा. खाली बारीक पिठासारखा भुगा पडतो का पाहा. पडत असेल तर आत किडा जिवंत आहे. सामान फुकट मिळाले तरी नको. खिळ्याच्या टोकाने कडेचे फिकट लाकूड टोचून पाहा; टोक लोण्यात शिरल्यासारखे शिरले तर तेथून निरोप घ्या. सांध्यांच्या फटींत ढेकूण असतात. त्यांना उकळते पाणी हाच सोपा उपाय. मग गजांतील अंतर मोजा. ते ६ सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे अडीच इंचांना थोडे कमी, याहून अधिक नसावे. घरात मोजपट्टी नसेल तर शीतपेयाचा डबा घ्या. तो आरपार जात असेल, तर मुलाचे अंग त्यातून सरकेल आणि डोके अडकेल. असा पाळणा टाकून देण्याचे कारण नाही. वाढई मध्ये एकेक गज वाढवून देतो, ते तासाभराचे काम आहे. मात्र ज्या परदेशी धाटणीच्या खाटेची एक बाजू खालीवर सरकते, ती घेऊ नका. बाजू निखळून मुले दगावली, म्हणून अमेरिकेत २०११ पासून अशा खाटा विकण्यास बंदी आहे.

आता ज्यासाठी मी खरा उभा आहे, त्या गोष्टीकडे येतो. ती म्हणजे जुना रंग.

तैलरंगात पूर्वी शिसे घालीत. त्याने रंग चमकतो, टिकतो, लवकर वाळतो. आपल्या देशात घरगुती रंगातील शिशाला कायद्याने लगाम बसला तो २०१७ च्या नोव्हेंबरात. दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक शिसे नसावे, असा तो नियम. म्हणजे त्याआधी रंगवलेल्या कोणत्याही पाळण्यावर, खुर्चीवर, घोड्यावर शिसे असू शकते. लोखंडी पाळण्याचा रंग खरवडल्यावर खालून भडक शेंदरी अस्तर निघाले, तर संशय अधिकच बळकट धरावा. अस्सल शेंदूर म्हणजे शिशाचेच भस्म, आणि लोखंडाला गंज चढू नये म्हणून तेच फासण्याची पद्धत होती. तांबूस तपकिरी अस्तर असते ते निराळे. ते बहुधा लोहाच्या मातीचे.

आणि दात येणारे मूल काय करते? कठडा चावते! शिसे मेंदूवर परिणाम करते. त्याची सुरक्षित अशी मात्रा कोणतीही नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मूल अशक्त होईल, अभ्यासात मागे पडेल, आणि आपण म्हणू की नशीब. म्हणून जुना रंग कोरड्या पॉलिश कागदाने घासू नका. ती धूळ म्हणजेच विष. दिवा लावून जाळू नका. घासायचेच तर पाणी लावून, पाण्याच्या कागदाने, अंगणाबाहेर, नाकाला फडके बांधून घासा. गरोदर बाई आणि मुले जवळ नकोत. गाळ आणि चिंध्या पिशवीत बांधून टाका, अंगातले कपडे वेगळे धुवा. आणखी एक. रंगीत लाकडाचे निघालेले तुकडे चुलीत किंवा बंबात घालू नका. आपल्याकडे काटकसरीची सवय मोठी, पण तो धूर घरातच राहतो. रंगाचे पापुद्रे सुटत असतील आणि एवढा खटाटोप होणार नसेल, तर तो पाळणा सोडा आणि बिनरंगाचा शोधा. साधे, तेलपाणी केलेले जुने लाकूड रंगवलेल्या लाकडापेक्षा केव्हाही भले.

त्या बिनरंगी लाकडाला खर्चही थोडाच. कोमट पाण्यात साबण घालून पुसावे, सावलीत वाळवावे, बारीक कागद फिरवावा आणि स्पिरिटमध्ये विरघळलेल्या चपडी लाखेचे दोनतीन हात द्यावेत. रंगच हवा असेल तर डब्यावर ‘शिसेविरहित’ लिहिलेला पाहून घ्या. लहान मेजाखुर्चीला दोन हात द्यायला अर्धा लिटर पुरून उरतो. वास पुरता जाईपर्यंत मूल त्यात निजवू नये. आत बिछाना सपाट आणि घट्ट असावा. मऊ उशांची आरास बारशाच्या छायाचित्रापुरती ठीक.

आपल्या हवेचाही विचार करावा लागतो. वैशाखात इकडे पारा ४५ च्या पुढे जातो, लाकूड आक्रसते आणि ज्या खुर्चीला श्रावणात काही झाले नव्हते ती डुगडुगू लागते. सांधे चिकटवायला हाच काळ चांगला, कारण लाकूड कोरडे असते. खिळे ठोकून मात्र सांधा बळकट होत नाही, फाटतो. जुना सरस खरवडून नवा लावा आणि दोरीने आवळून रात्रभर ठेवा. पण खण उन्हाळ्यात घट्ट बसवाल तर आषाढात तो उघडणार नाही, मग दप्तर आत आणि पोरगे बाहेर. थोडी जागा सोडा. आणि रंग उन्हात देऊ नका राजेहो, फोड येतात.

मूल मोठे झाले की लिहायला जागा हवी. येथे मला अडतीच्या दुकानांची आठवण होते. अकोल्यात, अकोटात कापसाच्या पेढ्यांवर गादीपुढे उतरत्या फळीचे बुटके डेस्क असे. मुनीमजी मांडी घालून त्यावर खतावणी लिहीत. संगणक आले आणि ती डेस्के अडगळीत गेली. मांडी घालून बसणाऱ्या सातआठ वर्षांच्या मुलाला त्याहून चांगले मेज मी पाहिलेले नाही! फळी उतरती, आत पुस्तकांना जागा, आणि लाकूड असे की आजचा वाढई हात फिरवून उसासा टाकतो. बिजागरी नवी घाला, झाकण बोटांवर आपटू नये म्हणून कडेला कापडाची पट्टी चिकटवा, बस.

सामान मुलाच्या मापाचे असावे, हा विचार आपल्याकडे रुजवणाऱ्यांत ताराबाई मोडक मुख्य. त्या काही वर्षे आपल्या अमरावतीस होत्या. मादाम माँटेसरींनी १९०७ साली रोममध्ये बालगृह काढले, तेथे मुलांना स्वतः उचलता येतील अशी हलकी मेजे-खुर्च्या होत्या. पण ते साहित्य महाग. ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला, पुढे कोसबाडला काम उभे केले, ते बिया, शिंपले, खडे अशा आसपास मिळणाऱ्या वस्तूंवर. माप मुलाचे, माल गावचा, एवढे त्यांच्याकडून घेतले तरी पुष्कळ. मोठ्यांच्या खुर्चीची बैठक १८ इंचांवर असते. सहा वर्षांच्या मुलाला १२ इंच पुरतात. म्हणून खुर्चीचे पाय कापायला धावू नका. पायांखाली पाट ठेवा, पाठीशी घडी केलेली वाकळ ठेवा. मूल वाढेल तसा पाट काढता येतो, कापलेला पाय जोडता येत नाही.

पांगुळगाड्याविषयी एकच सांगतो. मूल मागे उभे राहून ढकलते तो आपला तीन चाकांचा लाकडी गाडा चांगला. चाके फार सैल असतील तर आसाला फडके गुंडाळून जड करा. मूल आत बसवून फिरवण्याचा प्लास्टिकचा गाडा जुना मिळाला तरी घेऊ नका. जिन्यावरून मुले कोसळतात म्हणून कॅनडाने २००४ मध्ये त्यावर बंदी घातली.

आणि काम झाल्यावर पाळण्याच्या तळाशी पेन्सिलीने साल लिहून ठेवा, कोणता रंग दिला तेही लिहा. जुना रंग काढला की तसाच राहू दिला, हेही. पुढच्या घरी पाळणा जाईल तेव्हा त्या बाईला तो उलटा करून एवढे वाचता आले पाहिजे.